ताईंच्या मागून, दुसऱ्या कीबोर्डवर

मला चूक दिसली की गप्प बसवत नाही. या स्वभावाने माझ्या बायकोला चाळीस वर्षं वैताग आणला आणि याच स्वभावामुळे नोंदणी खात्यात माझी बावीस वर्षं मजेत गेली. माझं काम पडताळणीचं. लग्नसमारंभात कुणी विचारलं आणि मी ते समजावून सांगायला लागलो की लोकांना एकदम तहान लागते. तुम्ही मात्र बसा, दोन मिनिटांचं काम आहे.

जन्म-मृत्यूची जुनी रजिस्टरं संगणकात भरायची होती. आधी एक माणूस कागद बघून नाव, तारीख, आईबापांची नावं टाइप करणार. मग तोच कागद दुसऱ्याकडे. दुसऱ्याने पहिल्याचं काहीही न बघता सगळं नव्याने टाइप करायचं. दोघांचं जुळलं तर संगणक गप्प. एक अक्षर जरी वेगळं पडलं तरी तो टुंई करून ओरडणार आणि ओळ लाल होणार. मग दोघांपैकी कोण चुकलं ते कागदाला विचारायचं. यातला दुसरा माणूस मी. पहिल्या ताई.

ताई हे काही त्यांचं नाव नव्हे, पण साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना ताईच म्हणत. त्या माझ्याहून तीन वर्षांनी लहान, तरी मीही ताईच म्हणायचो, आणि त्या मला तपासनीस म्हणायच्या. अंगाने एवढ्याशा. खाली जाड उशी घेतल्याशिवाय त्यांचे हात कीबोर्डला पुरत नसत. कामाला बसताना घड्याळ काढून खणात ठेवायच्या, कागद डावीकडच्या चिमट्यात अडकवायच्या, ओळीखाली लाकडी पट्टी लावायच्या आणि मग ज्या सुटायच्या त्या चहाच्या वेळेपर्यंत. चहासुद्धा खिडकीपाशी जाऊन उभ्याने. मी एकदा माझा कप कीबोर्डशेजारी ठेवला, तर आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मला राग आला होता. पण चूक माझी होती, हे मी आज कबूल करतो. तेव्हा केलं नव्हतं.

त्यांचा एकच कायदा होता. कागदावर असेल ते. एखाद्या रजिस्टरात बापाचं वय अठरा आणि मुलाचं सोळा लिहिलेलं असायचं. मी तडफडायचो. ताई शांतपणे अठरा आणि सोळा टाइप करून पुढे जायच्या. "तपासनीस, आपल्या मनातलं कुणी विचारलंय का?" असं वर मलाच ऐकवायच्या.

त्या जुन्या कारकुनांशी मात्र त्यांचं घरच्यासारखं होतं. एक जण इतकं बारीक लिहायचा की त्याचं नाव त्यांनी मुंग्यावाला ठेवलं होतं. "मुंग्यावाल्याचं आज घरी काहीतरी बिनसलंय हो. बघा, कसा ओळ सोडून पळतोय," असं म्हणायच्या, आणि तो बिचारा जाऊन पन्नास वर्षं झालेली असायची. दुसरी एक कारकून बाई होती, तिची टिंबं एवढी मोठी की कागदाला भोक पडलेलं. ताई तिला रागीट आत्या म्हणायच्या आणि तिच्या रजिस्टरांच्या दिवशी स्वतः जरा जपून असायच्या.

एकाच खोलीत बावीस वर्षं पाठीला पाठ लावून बसलं की कान आपोआप तयार होतात. लांब नाव आलं, अक्षर लागत नाहीये, ओळ संपली, हे सगळं मला ताईंच्या बोटांच्या आवाजावरून कळायचं. मजकूर पुढच्या पानाचा असायचा, त्यामुळे कामात त्याचा उपयोग शून्य. पण मला तो आवाज आवडायचा. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोला तर नाहीच.

शेवटचं रजिस्टर संपलं, खातं गुंडाळलं, आम्ही दोघे एकाच दिवशी निवृत्त झालो. घरी बसून मी वर्तमानपत्रातल्या चुकांना लाल पेनाने गोल करायला लागलो. सहा महिन्यांनी ताईंचा फोन आला.

"तपासनीस, या बघू घरी. मला मागून कुणीतरी हवंय."

मी गेलो. ताईंची सून संगणकाचे प्रोग्रॅम लिहिते. तिची लेक दीड वर्षाची, आणि आईने कीबोर्ड हातात घेतला की हिलाही तोच हवा. म्हणून सुनेने एक जुना संगणक तिला देऊन टाकला आणि त्यात असा प्रोग्रॅम घातला की कुठलीही कळ दाबली की एक सूर वाजेल. सूर पाचच, पण असे निवडलेले की कसेही बडवले तरी कानाला टोचणार नाहीत. लांब कळेला खालचा घुमारा. माऊस पुढे सरकवला की आवाज मोठा, मागे घेतला की लहान, आणि त्याचं चाक फिरवलं की सूर लांबत जाणार. नातीने तो दोन दिवस बडवला आणि मग तिला पातेल्याचं झाकण जास्त आवडलं.

एका दुपारी घरात कुणी नसताना ताई त्या संगणकासमोर बसल्या. बोटांना जे पाठ होतं तेच त्यांनी टाइप केलं, आमच्या फॉर्मची पहिली ओळ. तिची एक चाल वाजली. मग दुसरी ओळ. काही अक्षरं सारखी सारखी येतात, तर तेच सूर फिरून फिरून येऊ लागले आणि दोन शब्दांच्या मध्ये खालचा घुमारा. मग ताईंनी आठवतील ती नावं घेतली, मुंग्यावाल्याच्या रजिस्टरातली, रागीट आत्याच्या रजिस्टरातली. "चार वाजता सून घरी आली, तोवर मी चहासुद्धा घेतला नव्हता," त्या मला म्हणाल्या. एखादा गुन्हा कबूल करावा तसा चेहरा झाला होता.

"पण एकटीने अर्धंच वाटतं," त्या पुढे म्हणाल्या. "मागून कुणी येत नाही ना."

सुनेने दुसरा कीबोर्ड जोडून ठेवलाच होता. ताईंच्या कळा तारेसारख्या वाजत, माझ्या बासरीसारख्या. एकच कागद दोघांच्या मध्ये. ताई सुरू झाल्या की मी एका अक्षराच्या अंतराने मागून निघायचं, तेच टाइप करत. आणि दोघांचं वेगळं पडलं तर टुंईच्या जागी एक तिसराच आवाज, मोठ्या घंटेसारखा खोल, बराच वेळ रेंगाळणारा. तो सुनेने मुद्दाम, मजा म्हणून घातला होता.

मी पहिल्यांदा मागून निघालो तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला बोलू? बावीस वर्षं जे नुसतं खडखडत होतं ते गात होतं.

आता खरी गोष्ट. आमच्या वाचनालयाच्या सभागृहात महिन्यातल्या एका रविवारी सकाळी हौशी लोकांचे कार्यक्रम असतात. सुनेने परस्पर आमचं नाव घातलं. लोकांनी आपल्या जवळच्या माणसाचं नाव चिठ्ठीवर लिहून द्यायचं, आम्ही ते वाजवायचं, मागच्या पडद्यावर आमच्या दोघांच्या ओळी दिसणार, आणि माऊस प्रेक्षकांत फिरत राहणार. ज्याच्या हातात माऊस, त्याच्या हातात आवाज. ताई आधी घाबरल्या, मग तयार झाल्या आणि मग म्हणाल्या, "अक्काला बोलवायचं."

अक्का म्हणजे ताईंची थोरली बहीण, बारा वर्षांनी मोठी. गावातली निम्मी पोरं अक्कांकडे गाणं शिकलेली. ताई नऊ वर्षांच्या असताना त्यांनाही त्या वर्गात बसवलं होतं. तीन आठवड्यांनी अक्कांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "तू उद्यापासून नको येऊस. तुला जमायचं नाही, आणि बाकीच्यांचं बिघडतं." मनात काही खोट नव्हती. अक्काही माझ्याच जातकुळीच्या, चूक ऐकवत नाही. पुढे बहिणींचं छान जमलं, आजारपणं काढली, एकमेकींची बाळंतपणं केली. पण अक्का घरात असताना ताईंनी त्यानंतर कधी गुणगुणलंसुद्धा नाही. पंचावन्न वर्षं! हे मला ताईंनी तालमीच्या वेळी सांगितलं, अगदी सहज, चिमट्यात कागद अडकवता अडकवता. माझा संताप झाला. मी म्हटलं, त्या नाही आल्या तरी काय अडणार आहे?

"बाकी कुणी नाही आलं तरी चालेल हो," ताई म्हणाल्या. "अक्का यायला हवी. आणि शेवटपर्यंत बसायला हवी."

आम्ही दोघे अक्कांकडे आमंत्रण घेऊन गेलो. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "म्हणजे टायपिंगच ना?"

"टायपिंगच," ताई म्हणाल्या.

"त्याला गाणं म्हणू नका म्हणजे झालं. बघते जमलं तर."

रस्त्यात मी अक्कांच्या नावाने बोटं मोडत होतो आणि ताई हसत होत्या. "बघते म्हणाली ना? नाही येणार असती तर तसं तोंडावर सांगितलं असतं तिने."

तालमी जोरात सुरू झाल्या आणि एक निराळीच अडचण उभी राहिली. आमच्या हातून चूकच होईना. दोन-दोन तास वाजवायचं आणि तो घंटेचा आवाज एकदाही नाही. सून कपाळाला हात लावून बसली.

"आई, काका, असं गुळगुळीत नका ना वाजवू! मध्ये कुठेतरी चुका. मुद्दाम चुका."

ताईंना ते लागलं. मला तर फारच लागलं. बावीस वर्षांची इभ्रत काय अशी उधळायची असते? तरी सुनेच्या शब्दाखातर प्रयत्न केला. ताईंनी मुद्दाम एक अक्षर बदललं, तर माझ्या बोटांनी नेमकं तेच बदललेलं टाइप केलं. त्यांचा हात कुठे वळतोय हे मला आधीच कळतं, त्याला मी काय करू? मग मी चुकायचं ठरवलं. चुकलो. घंटा वाजली. आणि ताई हात थांबवून, मान वळवून माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मी मुकाट्याने ते अक्षर खोडलं. सुनेने नाद सोडला.

रविवारी साडेदहाला सभागृह बऱ्यापैकी भरलं. पहिल्या रांगेत अक्कांसाठी खुर्ची राखून ठेवली होती. ती रिकामी. ताईंनी घड्याळ काढलं, ठेवायला खण नाही म्हणून माझ्या खिशात दिलं, उशीवर बसल्या. दारापाशी कुणी आलं की त्यांची मान वळायची. मी मात्र भरलेल्या खुर्च्या मोजत होतो. इतक्या लोकांसमोर मी आयुष्यात बसलो नव्हतो.

सुनेने चिठ्ठ्या गोळा केल्या आणि आम्ही सुरुवात केली. पहिल्या दोन नावांना लोक नुसतेच बघत राहिले. तिसऱ्या नावाला मागून एक बाई ओरडली, "अगंबाई, हे माझ्या नातवाचं!" आणि मग सभागृहाला कंठ फुटला. आपल्या माणसाचं नाव वाजताना ऐकायला लोक खुर्चीत पुढे सरकून बसू लागले. माऊस एका न्हाव्याच्या हातात पडला, तो पठ्ठ्या सोडेचना. ग्राहकाची मान वळवावी तशा हलक्या हाताने तो आवाज चढवत उतरवत होता, आणि झकास करत होता. शेवटी त्याच्या बायकोने तो हिसकावून पुढे दिला. मला मजा वाटू लागली. ताईंकडे पाहिलं, तर त्या दाराकडे बघत होत्या, आणि बोटं बिनचूक चालली होती.

सहाव्या की सातव्या चिठ्ठीला अक्का आल्या. काठी टेकत पहिल्या रांगेत येऊन बसल्या. ताईंची पाठ एकदम ताठ झाली. माऊस अक्कांकडे आला तेव्हा त्यांनी तो दोन बोटांनी उचलून न हलवता शेजारी देऊन टाकला. आमच्या नशिबी शेजारी बसले होते वाचनालयाचे वयस्कर व्यवस्थापक, त्यांनी घाबरून आवाज इतका लहान केला की पंख्याचं फिरणंच तेवढं ऐकू येत होतं. ताई वाजवत राहिल्या. मी मागून.

मग सुनेने अक्कांसमोर चिठ्ठी धरली. अक्कांनी तिच्याकडे पाहिलं, पर्समधून स्वतःचं पेन काढलं, एक नाव लिहिलं आणि घडी घालून दिलं. सुनेने चिठ्ठी आणून आमच्या मधल्या चिमट्याला लावली.

ते त्या दोघींच्या आईचं नाव होतं. मला ठाऊक होतं, कारण ती गेली तेव्हा, नऊ वर्षांपूर्वी, तिची नवी नोंदही आमच्याच खोलीत आली होती आणि पडताळणी मीच केली होती. ताईंनी टाइप केलेलं पान, त्यावर एकही लाल ओळ नव्हती.

ताईंनी चिठ्ठी वाचली. हात उचलले आणि तसेच धरून ठेवले. मला वाटलं, आता उठतात की काय. मग त्या सुरू झाल्या, मी एका अक्षराने मागून निघालो, आणि घंटा वाजली.

मी चिठ्ठी पाहिली. माझं बरोबर होतं. दुसऱ्या अक्षराला पुन्हा घंटा. तिसऱ्याला पुन्हा. पहिली विरलेली नसायची तोवर दुसरी तिच्यात मिसळायची. माझी भंबेरी उडाली. मी मान वळवून पडद्याकडे पाहिलं. दोन्ही ओळी लालभडक. खाली माझं, चिठ्ठीवरचं नाव. वर ताईंनी भलतंच टाइप केलं होतं, दोन अक्षरी, आईचंच पण लाडाचं, चारचौघांत कुणी घेत नाही तसलं. ते मी कुठल्याही कागदावर पाहिलेलं नव्हतं. असणारच नाही, त्या नावाने हाक मारणारी माणसंच घरातली.

आता तपासनिसाने काय करावं? नियम असा की दुसऱ्याने कागद सोडायचा नाही. मी सोडला नाही. ताईंनी ते दोन अक्षरी नाव पुन्हा वाजवलं, मी चिठ्ठीवरचं पुन्हा वाजवलं. त्यांचं दोनदा व्हायचं तोवर माझं एकदा व्हायचं, आणि दर अक्षराला ती घंटा. माऊस कुणाच्या हातात होता कोण जाणे, पण आवाज वाढत वाढत सगळ्या सभागृहात भरून गेला. सून भिंतीला टेकून, तोंडावर हात धरून उभी होती. माझ्या डोळ्यांना चिठ्ठीवरचं अक्षर नीट दिसेना, तरी मी चुकलो नाही, एवढं सांगतो.

अक्का उठल्या.

मी मनात म्हटलं, संपलं. चालल्या या. ताईंनी मान वर केली नाही, पण त्यांनाही कळलं, कारण त्यांची बोटं एक क्षण अडली. मला त्यांच्या बोटांचं सगळं कळतं. काठीचा आवाज दाराकडे गेला नाही. तो मंचाच्या तीन पायऱ्या चढला आणि माझ्या खुर्चीमागे येऊन थांबला.

"तपासनीस, उठा जरा," अक्का म्हणाल्या.

दुसऱ्या कुणी असं उठवलं असतं तर मी चार शब्द सुनावले असते. मी उठलो. अक्का बसल्या, काठी मांडीवर आडवी ठेवली आणि कीबोर्डकडे पाहत राहिल्या. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या बोटांवर पट्टी मारलेली ही बाई, तिला कळ सापडेना. एक बोट पुढे करून त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अक्षर शोधत होत्या.

"कुठे आहे गं पहिलं?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"वरच्या रांगेत. डावीकडून चौथी कळ," ताई म्हणाल्या.

ताईंनी ते अक्षर दाबलं आणि थांबल्या. अक्कांना ती कळ सापडली. त्यांनीही दाबली. घंटा वाजली नाही. मग ताईंनी दुसरं दाबलं आणि पुन्हा थांबल्या, कितीही वेळ लागला तरी माझी हरकत नाही अशा बसल्या, आणि अक्का चष्मा वर सरकवून दुसरं अक्षर शोधू लागल्या. मी बाजूला, ताईंचं घड्याळ खिशात घेऊन उभा होतो. ताईंना इतकं सावकाश टाइप करताना मी बावीस वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं.